बैठक

मराठीच्या तासाला आमचे सर वरचेवर सांगत असतात, "लेखनाला बैठक पाहिजे. बैठक पक्की नसेल तर माणूस भरकटतो." वर्गातल्या साऱ्या मुली माना डोलावतात. मीही डोलावते. पण गेल्या पावसाळ्यात हे वाक्य कानी पडले की मला बाकावर नीट बसवत नसे. हे मी अलंकारिक अर्थाने सांगत नाही. खरोखरीच बसवत नसे, कारण माझ्या नव्या सायकलची बैठक बिघडलेली होती.

सायकल घेतली त्यालाही एक कारण होते. आम्ही राहतो कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत. २००६ साली विडी कामगार बायकांसाठी तिथे दहा हजार घरे उभी राहिली, त्यांतले एक माझ्या आईचे. मी तेव्हा पाळण्यात होते. डोक्यावर हक्काचे छप्पर आले, पण सोलापूर शहर लांब गेले. शाळा वसाहतीतच झाली, पण कॉलेजसाठी अक्कलकोट रस्त्याने शहरात यायचे, म्हणजे आठ-नऊ किलोमीटर जायचे आणि तितकेच परत. रिक्षाचे रोजचे चाळीस रुपये होत. आई हजार विड्या वळते तेव्हा हाती काय पडते ते घरात सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे रिक्षात बसले की मला विड्याच मोजल्यासारखे वाटे. शेवटी आईने जपून ठेवलेला दिवाळीचा बोनस काढला, बाबांनी त्यात भर घातली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे सायकलच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने सायकल बाहेर काढली. निळी, पुढे जाळीची टोपली, मागे कॅरियर, आणि सीट तर अशी जाडजूड की एखाद्या बंगल्यातल्या कोचाची आठवण व्हावी. बाबांनी अंगठ्याने दाबून पाहिली, आईने तळहाताने दाबून पाहिली. "मऊ आहे," दोघेही म्हणाले. आपण वांगीसुद्धा दाबून घेतो, सायकल तशीच घेतली. मग बाबांनी विचारले, "पाय टेकतात का गं?" दुकानदाराने पाना फिरवून सीट तळाला नेली. माझे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. सर्वांचे समाधान झाले. मी सायकल चालवते कशी, हे त्या दिवशी कोणी पाहिले नाही. उभी कशी राहते तेवढेच पाहिले.

पहिले चार दिवस मी वाऱ्यावर होते. सकाळी सातला निघावे, उजव्या हाताला सूर्य, औद्योगिक वसाहतीत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट, टेम्पोत चढणारे टॉवेलांचे गठ्ठे, आणि रिक्षात दाटीवाटीने बसलेल्या बायांना मागे टाकताना वाटणारा तो क्षुद्र आनंद! पाचव्या दिवशी उतरले तेव्हा मांड्यांच्या आतल्या बाजूला सोलवटल्यासारखे झाले होते. दहाव्या दिवसापासून मुंग्या येऊ लागल्या, आणि त्याही अशा जागी की जिचे नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. मराठी भाषा समृद्ध आहे असे आपण म्हणतो. शरीराच्या या प्रांतात मात्र तिची मोठी पंचाईत आहे. जे शब्द लिहिता येतात ते बोलता येत नाहीत, आणि जे बोलता येतात ते या अंकाच्या संपादक छापायच्या नाहीत.

तेव्हा मी आईला सांगितले, "गुडघा दुखतो." ते अगदीच खोटे नव्हते, गुडघाही दुखत होताच. आईने गुडघ्याला बाम लावला. मी तो लावून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्या वाटेत पायडलवर उभी राहून सायकल हाकली. एका आठवड्यात तीन दिवस माझा पहिला तास बुडाला. अशोक चौकाच्या अलीकडे एका झाडाखाली मी सायकल लावून नुसती उभी राही. लोकांना वाटे मैत्रिणीची वाट पाहते आहे.

सायकल सोडून द्यावी असे एकदा नव्हे, रोज वाटे. पण मला आमच्या घरातली वाक्ये पाठ आहेत. "तिला सायकल झेपत नाही" याचे "तिला कॉलेज झेपत नाही" व्हायला फार दिवस लागत नाहीत. आत्याने तर एक स्थळ सांगूनच ठेवले होते, मुलगा पुण्याला कंपनीत होता. जिथे दुखत होते ती जागा लहान होती. पण तिच्यावर माझी तीन वर्षे बसलेली होती.

वर्गातल्या एका मैत्रिणीला मी धीर करून सांगितले. ती जराही न लाजता म्हणाली, "मग सांगायचं ना! माझ्याकडे जेलचं कव्हर पडलंय." तिने ते लुसलुशीत कव्हर आणून दिले. मऊवर आणखी मऊ. दोन दिवस स्वर्ग, तिसऱ्या दिवशी मुंग्या दुप्पट! तेव्हा कुठे मी रात्री मोबाइल घेऊन हा विषय अभ्यासाला बसले. परीक्षेसाठी इतका अभ्यास मी कधी केलेला नाही.

गोष्ट अशी आहे की माणूस बसतो तो दोन हाडांवर. कमरेच्या सांगाड्याची खालची दोन टोके असतात, त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. भार त्यांच्यावर आला तर शरीर फारशी तक्रार करीत नाही, ती त्याचसाठी घडलेली आहेत. पण गादी फार मऊ असली की ही हाडे तिच्यात बुडतात. ती बुडाली की मधली गादी वर फुगते आणि नेमकी त्या मधल्या नाजूक भागावर दाबते, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. मुंग्या येतात त्या यामुळे. म्हणजे ज्या मऊपणाला आम्ही तिघांनी दाबून पसंती दिली, त्याच मऊपणाने मला छळले होते.

आणखी एक गोष्ट वाचली, आणि ती वाचून मला फार हलके वाटले. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका सायकली चालवू लागल्या तेव्हा हीच कुरबुर तिकडेही झाली. डॉक्टर मंडळींनी बायकांना सायकल नको म्हणून लेख लिहिले, आणि कारखानदारांनी मधे खाच असलेल्या 'आरोग्यदायक' सीटा काढल्या. सव्वाशे वर्षांहून जुने माझे दुखणे! आणि आपल्याकडे तामिळनाडूत, पुदुक्कोट्टै जिल्ह्यात, १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यांतल्या पुष्कळजणी पुरुषांची सायकल पसंत करीत, म्हणे, कारण पुढच्या नळीवर मूल बसवता येते. मूल कुठे बसते ते लिहून ठेवलेले आहे. त्या स्वतः कशा बसत, त्यांना काय दुखे, हे मात्र मला कुठे वाचायला मिळाले नाही.

आमच्या घरात सायकलचा खरा जाणकार एकच, माझे आबा. आबा गिरणीत साच्यावर होते. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. जुनी गिरणी म्हणून अजून लोक तिचे नाव घेतात. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या झाल्या आणि शहराचे घड्याळ त्यांच्या भोंग्यांवर चालू लागले. आबा सांगतात, पाळी सुटली की रस्ता सायकलींनी काळा व्हायचा, आणि रातपाळीला जाताना पुढच्याच्या डायनॅमोच्या उजेडात मागच्याची वाट निघायची. आबांची गिरणी बंद पडली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. पुढे सायकलही भंगारात गेली. पण देताना त्यांनी तिची सीट काढून ठेवली होती.

हे आम्हाला कोणाला माहीत नव्हते. एका रविवारी आबांनी माळ्यावरून एक बोचके काढायला लावले. जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात ती सीट गुंडाळलेली होती. चामड्याची, पानासारखी, मागे दोन जाडजूड स्प्रिंगा, कडेला तांब्याचे रिबिट. मूळ रंग कोणता होता ते कळत नव्हते, आता ती पिकल्या चिंचेच्या रंगाची झाली होती. आबा तिला दर दिवाळीला तेलाचे बोट लावीत, पावसात कधी भिजू देत नसत. "नव्या सायकलला ही लाव," एवढेच म्हणाले. काय दुखते ते विचारले नाही. मी उभ्याने सायकल हाकत गल्लीत शिरते हे ओट्यावर बसून त्यांनी महिनाभर पाहिले होते.

चामड्याच्या सीटची रचना मोठी सुंदर असते. तिच्यात गादी नसतेच. जाड कातडे पुढच्या नाकापासून मागच्या लोखंडी कमानीपर्यंत झोळीसारखे ताणलेले असते, आणि सैल पडले तर नाकाखालचा नट पिळून पुन्हा ताणता येते. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रूक्स नावाचे एक चामड्याचे व्यापारी होते. घोडा मेला म्हणून त्यांनी उसनी सायकल घेतली, तिची बैठक इतकी बोचली की स्वतःच चामड्याची बनवायला घेतली, आणि १८८२ साली तिचे पेटंट घेतले, अशी हकिकत सांगतात. एका मेलेल्या घोड्याचे जगावर केवढे उपकार! अशी सीट पहिले काही शे किलोमीटर दगडासारखी कठीण असते. मग हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांखाली ती खोल होत जाते. दोन वाटीएवढे खळगे पडतात, आणि ती त्या माणसाची होते.

आबांच्या सीटवर ते दोन खळगे स्पष्ट दिसत होते. डावा जरा जास्त खोल होता. मी बोट फिरवले तेव्हा ते म्हणाले, "डब्याची पिशवी डाव्या खांद्याला असायची."

मी ती सीट लावली. आणि आता मोठी अडचण झाली, कारण तीही दुखू लागली. निराळ्या जागी, निराळ्या तऱ्हेने, पण दुखायचे थांबले नाही. माझी हाडे खळग्यांत न पडता त्यांच्या काठांवर टेकत होती. पहिल्या सीटविषयी सांगायला लाज होती. या सीटविषयी सांगणे तर जिवावर आले. वीस-बावीस वर्षे तीन पाळ्यांत झिजवलेली ती बैठक त्यांनी मला दिली होती, आणि ती मला बोचते हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मी आठवडाभर तिच्यावर बसले. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत उभ्याने यायचे आणि आबा दिसू लागले की खाली बसायचे, असा माझा क्रम झाला.

आबांनी तेही पाहिले. शनिवारी मी उतरताच म्हणाले, "काढ ती." मी उगीच म्हटले, "नको आबा, चांगली आहे." तर म्हणाले, "अगं, माझं बूड आहे ते. तुझं कसं बसंल त्यात?"

आई आत सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिला हसू आवरेना. सुपातली पाने सांडली. आमच्या घरात तो शब्द इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल, पण त्यानंतर सगळेच सोपे झाले. मी आईला सारे सांगून टाकले. गुडघ्याचा बामही कबूल केला. आई म्हणाली, "मला इचारायचं. मी दुसरं करते काय? बसतेच की दिवसभर."

माझ्या डोक्यात हे कधी आले नव्हते. सकाळी आठापासून दिवेलागणीपर्यंत आई बसते. तिची एक वाकळ आहे, चार घड्यांची. तीन घड्या केल्या तर फरशी लागते, पाच केल्या तर कंबर धरते, असा तिचा अनुभव. मी एकदा तिला पहिल्या पगारातून, म्हणजे सुट्टीत केलेल्या कामाच्या पैशांतून, फोमची उशी आणून दिली होती. ती तिने दोन दिवस वापरून पाहुण्यांसाठी ठेवून दिली. "मऊवर बसताना बरं वाटतं, उठताना कळतं," ती म्हणाली. आणि वाकळ उलगडून दाखवली, तर तिच्यावर दोन खळगे. आबांच्या सीटवर होते तसेच दोन, पण अंतर जास्त.

मोबाइलवर वाचलेली रीत मग आम्ही दोघींनी करून पाहिली. खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यायचा, दगडी पायरीवर ठेवायचा, त्याच्यावर बसून गुडघे छातीशी घ्यायचे आणि मिनिटभर थांबायचे. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खड्डे उमटलेले असतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचे. बहुतेक माणसांचे हे अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या दरम्यान भरते, आणि बायकांचे सरासरीने थोडे अधिक. माझे साडेतेरा भरले. आईने मग स्वतःचेही मोजून घेतले. किती ते मी येथे सांगणार नाही, तिने शपथ घातली आहे. ताठ बसून सायकल चालवणाऱ्याला या मापापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद सीट लागते. शर्यतीवाले पुढे वाकतात, त्यांचा भार पुढे सरकतो, म्हणून त्यांच्या सीटा पट्टीसारख्या अरुंद असतात.

पुठ्ठा वहीत घालून मी आमच्या वाटेवरच्या एका सायकल मिस्त्रींकडे गेले. साठी उलटलेले गृहस्थ आहेत. त्यांना तो पुठ्ठा दाखवला तर त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. मागे जाऊन एक पोते आणले आणि ओतले. लोकांनी बदलून टाकलेल्या सीटांचा ढीग! त्यांतून त्यांनी पुठ्ठ्यावर ठेवून ठेवून एक निवडली. मागे रुंद, वरून जवळजवळ सपाट, दाबली तर जेमतेम दबणारी, मधे लांब खाच. दिसायला कुरूपच. रेक्झिनला एका कोपऱ्यात चीर होती. माझी कोचासारखी सीट ठेवून घेतली आणि वर दीडशे रुपये मागितले. मग माझ्या सायकलकडे पाहून म्हणाले, "सीट राहू दे बाई, आधी ही इतकी खाली कुणी घातली? आणि नाक आभाळात?"

हे मला त्यानंतर नीट समजले. माझे अर्धे दुखणे सीटचे नव्हतेच, ती बसवण्याचे होते. सीट खाली असली की पायडल खाली गेले तरी पाय सरळ होत नाही. मग पायावर भार येत नाही, सारा सीटवर येतो. गुडघा मोडलेलाच राहतो आणि पुढून दुखू लागतो. नाक वर असले की ते पुढून रुतते. म्हणजे माझे दोन्ही तळवे जमिनीवर टेकावेत म्हणून मी दोन महिने ही शिक्षा भोगली होती.

मिस्त्रींनी मला भिंतीला धरून सायकलवर बसवले. पायडल पार खाली आणि त्यावर टाच. टाच ठेवून गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासा वाक आपोआप उरतो, तेवढाच हवा. सीट चार बोटे वर गेली. उतरून पाहिले तर मला सायकल परक्याची वाटली.

खरी परीक्षा घरी होती. बाबा गवंडीकाम करतात. त्यांनी सीट पाहिली आणि विचारले, "पाय टेकतात का?" मी खरे सांगितले, "नुसती बोटं टेकतात." बाबा गप्प झाले. त्यांचे भय खोटे नव्हते. अक्कलकोट रस्त्याला हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत येतात, आणि अशा वेळी पाय जमिनीला लागावा असे कोणत्या बापाला वाटणार नाही? त्यांनी पाना उचललाही. तेव्हा आबा ओट्यावरून म्हणाले, "थांब. तिला उतरायचं शिकव, बसायचं खाली नको करू."

ब्रेक दाबताना सीटवर बसून राहायचेच नसते. पायडलवर उभे राहून सीटच्या पुढे घसरायचे आणि एक पाय जमिनीला द्यायचा. सीट मागे राहते, आपण जमिनीवर. आबांनी ते हातांनी करून दाखवले. मी गल्लीत वीस-पंचवीस वेळा केले, दोनदा कोपर खरचटले. बाबा बघत उभे होते. मग ते आत गेले आणि कामाच्या पिशवीतून पाणसळ आणि ओळंबा घेऊन आले. सीटवर पाणसळ ठेवून त्यांनी तो बुडबुडा बरोबर मधे आणला. पायडल आडवे धरून माझ्या गुडघ्यापासून ओळंबा सोडला. तो पायडलच्या दांड्यावर पडेपर्यंत सीट सुतासुताने पुढे सरकवली. भिंत बांधताना त्यांचा चेहरा जसा असतो तसा तो त्या वेळी होता. पाना शेवटचा पिळून ते एवढेच म्हणाले, "ट्रॅक्टर दिसला तर उतरून उभी राहायचं."

मी उतरून उभी राहते. आधी आठ दिवस थोडे दुखले, पण ते हाडांचे दुखणे होते, सरावाचे. मग दुखणे केव्हा थांबले ते कळले नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ते काळे रेक्झिन तव्यासारखे तापते, त्यावर ओला टॉवेल टाकून ठेवावा लागतो. त्याला माझ्याकडे इलाज नाही. आबांची सीट पुन्हा चादरीच्या तुकड्यात गेली आहे. दिवाळीला तिला तेल मी लावले.

एक त्रास मात्र चालू आहे. माझा धाकटा भाऊ माझ्याहून हातभर बुटका. तो संध्याकाळी सायकल नेतो आणि सीट तळाला घालून आणून लावतो. म्हणून मी सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढून ठेवली आहे. सकाळी आधी ती रेघ पाहायची. परवा ती नळीत पार बुडालेली दिसली, आणि पाना जागेवर नव्हता. शेजारच्यांचा पाना मागून आणला, सीट रेघेपर्यंत वर घेतली, आणि घड्याळ न पाहता निघाले. सर हजेरी घेत होते. माझे नाव यायचे होते.